खुल्या इंटरनेटसाठी एकट्या निर्मातीने काय करावे?

प्रश्न : मी गेली सहा वर्षे कामगारांच्या आठवणींवर आधारित पॉडकास्ट आणि छोटे माहितीपट तयार करते. ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, संकलन हे सगळे मी आणि माझी एक मैत्रीण मिळून करतो. आमच्या पाठीशी कोणी जाहिरातदार नाही, कोणती संस्था नाही. दीड वर्षापूर्वी, ज्या व्हिडिओ प्लॅटफॉर्मवर आमचे बहुतेक प्रेक्षक आहेत, तिथली शिफारशींची पद्धत बदलली आणि आमचे प्रेक्षक एक तृतीयांशावर आले. त्यानंतर आमचे दोन भाग कोणतेही कारण न देता 'मर्यादित' करण्यात आले. अपील केल्यावर साचेबद्ध उत्तर आले. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे मी एका वहीत टिपून ठेवले आहेत. आता माध्यम सुधारणा आणि खुल्या इंटरनेटसाठी काम करणाऱ्या एका गटाने आम्हाला सोबत बोलावले आहे. एका नियमाच्या मसुद्यावर सरकारने हरकती व सूचना मागवल्या असून गटाला आमचे निवेदन हवे आहे. माझ्या तीन शंका आहेत. नेट न्यूट्रॅलिटीचा प्रश्न टेलिकॉम कंपन्यांचा आहे, माझा त्रास मात्र प्लॅटफॉर्ममुळे झाला. मग या लढ्याचा मला काय उपयोग? लाखो निवेदनांमध्ये माझे एक निवेदन कोण वाचणार? आणि उघडपणे बाजू घेतली, तर कामाची विश्वासार्हता कमी होईल का, किंवा प्लॅटफॉर्म आमच्यावर डूख धरेल का?

उत्तर : तुमच्या पत्रात तुम्ही जाता जाता एका वहीचा उल्लेख केला आहे. माझ्या मते संपूर्ण पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे आणि तुमच्या तिन्ही शंकांचे उत्तर देताना मी पुन्हा पुन्हा तिच्याकडे येणार आहे. गटाने तुमच्याकडे सही मागितली असेल, पाठिंब्याचे दोन शब्द मागितले असतील. पण तुमच्याजवळ त्याहून दुर्मीळ असे काही आहे. नियम लिहिणाऱ्या माणसांसमोर कंपन्यांचे वकील, अर्थतज्ज्ञ आणि अभियंते जाडजूड अहवाल घेऊन बसलेले असतात, आणि त्या नियमाचा ज्यांच्या रोजच्या कामावर परिणाम होणार आहे, त्यांची तारीखवार नोंद त्या टेबलावर क्वचितच पोहोचते. तेव्हा गटाबरोबर जरूर जा, पण वही घेऊन जा.

पहिल्या शंकेत तुम्ही जो फरक केला आहे तो बरोबर आहे आणि तो करणारे लोक थोडे असतात. इंटरनेट खुले आहे की नाही हे एका ठिकाणी ठरत नाही. तुमचा माहितीपट प्रेक्षकापर्यंत पोहोचताना आधी तारेतून किंवा टॉवरवरून जातो, मग प्लॅटफॉर्मच्या दारातून जातो, आणि दोन्ही ठिकाणी अडवणारे वेगवेगळे असतात. नेट न्यूट्रॅलिटी हा पहिल्या ठिकाणचा नियम आहे. जोडणी देणाऱ्या कंपनीने तिच्या जाळ्यातून जाणाऱ्या मजकुरात आपला-परका असा भेद करू नये, काही अडवू नये, मुद्दाम संथ करू नये, पैसे घेऊन कोणाला पुढे काढू नये, एवढाच त्याचा अर्थ. टिम वू या अमेरिकन कायदेतज्ज्ञाने २००३ मध्ये एका शोधनिबंधातून ही संज्ञा रूढ केली. दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, मॅडिसन रिव्हर या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीने इंटरनेटवरून फोन करण्याची व्होनेज ही स्पर्धक सेवा आपल्या ग्राहकांपुरती बंद पाडल्याचे उघड झाले आणि तिला १५ हजार डॉलर भरून हे थांबवावे लागले. म्हणजे भीती कल्पनेतली नव्हती.

पण तुम्हाला सांगण्यासारखी खरी गोष्ट त्यानंतरची आहे. २००७ मध्ये रॉब टोपोल्स्की या नेटवर्कचे ज्ञान असलेल्या ग्राहकाच्या लक्षात आले, की जुन्या काळची चौघांनी मिळून गायलेली गाणी तो बिटटॉरेंटवरून, म्हणजे लोकांनी आपापसांत थेट फाइली देण्याच्या पद्धतीने, इतरांना देऊ पाहतो तेव्हा ती जोडणी वारंवार तुटते. गाणी त्याच्या छंदाची होती, त्यात कोणाचा धंदा बुडत नव्हता. त्याने चिडून तक्रार करण्याआधी चाचण्या केल्या, काय घडते याची नोंद ठेवली आणि ती लोकांसमोर मांडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतंत्र चाचण्या करून कॉमकास्ट ही इंटरनेट जोडणी देणारी बलाढ्य कंपनी बिटटॉरेंटच्या जोडण्यांमध्ये हस्तक्षेप करत असल्याचे दाखवून दिले. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार नियामक आयोगाने, म्हणजे एफसीसीने, कंपनीविरुद्ध आदेश काढला. पुढे एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने तो आदेश आयोगाच्या अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केला, हेही तुमच्यापासून लपवणे योग्य नाही. परंतु जे घडत होते ते नाकारण्याची सोय मात्र कोणालाच उरली नाही. एका माणसाच्या टिपणांतून देशाच्या नियमांची चर्चा सुरू झाली, आणि तो माणूस कोणत्याही संघटनेचा पुढारी नव्हता.

आता तुम्ही विचाराल, की तुमचे व्हिडिओ तर कोणत्याही टेलिकॉम कंपनीने अडवलेले नाहीत. आज नाहीत, हे खरे. पण तारेवरचा नियम ढिला झाला तर त्याची झळ प्लॅटफॉर्मवरून खाली झिरपत निर्मात्यापर्यंत येते. दक्षिण कोरियात जाळ्यात मजकूर पाठवणाऱ्याने जाळ्याच्या वापराचे पैसे मोजावेत या तत्त्वावर हिशेब चालतो. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेने तिथे सप्टेंबर २०२२ मध्ये चित्राचा दर्जा ७२० पिक्सेलपर्यंत खाली आणला आणि २७ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या देशातला आपला व्यवसायच बंद केला. इतर बहुतेक देशांच्या तुलनेत तिथे जाळ्याचे शुल्क दहापट पडते, असे कारण कंपनीने दिले. जाळ्याच्या शुल्कावरून हा वाद मोठ्या कंपन्यांमध्ये झाला, पण वर्षानुवर्षे जमवलेला प्रेक्षक सोडून दुसरीकडे नव्याने मांडामांड करण्याची वेळ आली ती तिथल्या निर्मात्यांवर.

दुसरा धोका फुकटाच्या रूपाने येतो. एखाद्या ठरावीक सेवेचा डेटा मोफत आणि बाकी इंटरनेटला पैसे, अशी योजना आली की ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत तो माणूस त्या सेवेच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकत नाही. तुमचा पॉडकास्ट तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असेल तर तो ऐकायला पैसे पडतात आणि मोठ्या कंपनीच्या ॲपवरचे सगळे फुकट मिळते. या स्पर्धेत तुमचे काम चांगले आहे की वाईट हा प्रश्नच उपस्थित होत नाही. भारतात फेसबुकच्या फ्री बेसिक्स योजनेवरून झालेला वाद नेमका याच मुद्द्यावर होता आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मजकूर पाहून डेटाचा दर बदलण्यास बंदी घातली. चिलीने तर २०१० मध्येच नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा केला होता, आणि युरोपीय संघाचे नियम एप्रिल २०१६ पासून लागू झाले.

तरीही तुमचा मूळ त्रास यातल्या एकाही नियमाने दूर झाला नसता, हे स्पष्टपणे सांगायला हवे. शिफारशी बदलल्या, भाग मर्यादित झाले, कारण कळले नाही. ही दुसऱ्या दाराची अडवणूक आहे आणि तिच्यासाठी वेगळा कायदा लागतो. असा कायदा अशक्य नाही. युरोपीय संघाचा डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे. त्यानुसार प्लॅटफॉर्मने मजकूर काढला किंवा त्याची पोहोच कमी केली, तर संबंधित व्यक्तीला त्याचे कारण कळवावे लागते, प्लॅटफॉर्मकडे तक्रार करण्याची सोय द्यावी लागते, त्या तक्रारीचा निकाल केवळ यंत्राच्या भरवशावर देता येत नाही, आणि न्यायालयाबाहेर तंटा सोडवण्याचा मार्गही उपलब्ध असतो. तुम्हाला मिळालेले ते साचेबद्ध उत्तर या कसोटीवर टिकले नसते. निवेदनात काय मागायचे असा प्रश्न पडेल तेव्हा हा नमुना समोर ठेवावा.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला सावध करीन. कोणाचा व्हिडिओ वर दाखवायचा आणि कोणाचा खाली, हे सरकारने ठरवावे अशी मागणी संतापाच्या भरातही करू नका. कारण मागा, सुनावणी मागा, आपला प्रेक्षक आणि आपले काम दुसरीकडे नेण्याची मुभा मागा. क्रम लावण्याचा अधिकार सरकारच्या हाती देऊ नका, कारण तो अधिकार तुमच्यासारख्या कामगारांच्या आठवणी सांगणाऱ्यांवरच आधी चालवला जाण्याचा संभव असतो. प्लॅटफॉर्मना शिस्त लावण्याच्या नावाखाली निघालेले मसुदे लहान निर्मात्यांच्या मानगुटीवर बसल्याची उदाहरणे आहेत. भारतात प्रसारण सेवांच्या नियमनासाठी २०२३ मध्ये विधेयकाचा मसुदा आला. २०२४ मध्ये त्याची जी सुधारित आवृत्ती निवडक लोकांना दाखवण्यात आली, तिच्या व्याख्यांमध्ये चालू घडामोडींवर बोलणारे स्वतंत्र निर्मातेही प्रसारकांच्या रांगेत येतील अशी चिन्हे दिसली, त्यावरून मोठा विरोध झाला आणि ऑगस्टमध्ये मंत्रालयाला नवा मसुदा आणण्याचे जाहीर करावे लागले. म्हणून तुमच्यासमोरच्या मसुद्यातले व्याख्यांचे कलम सर्वांत आधी वाचा. प्रस्तावनेत हेतू कितीही चांगला लिहिलेला असला तरी नियम कोणाला लागू होणार हे व्याख्या ठरवते, आणि 'प्रकाशक', 'मध्यस्थ', 'प्रसारक' या शब्दांपैकी तुम्ही दोघी कोणत्या शब्दात बसता हे तुम्हाला पेन्सिलीने समासात लिहिता आले पाहिजे.

तुमच्या दुसऱ्या शंकेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण ही शंका चांगल्या माणसांना घरी बसवते. लाखोंमध्ये एक निवेदन कोण वाचतो? याचे उत्तर असे, की लाखोंसारखे असलेले निवेदन कोणी वाचत नाही आणि वाचू नये अशी परिस्थितीही निर्माण झाली आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत एफसीसीने नेट न्यूट्रॅलिटीचे नियम मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा तिच्याकडे २ कोटी २० लाखांहून अधिक अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी करून मे २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात सुमारे १ कोटी ८० लाख अभिप्राय बनावट असल्याचे निघाले. ८५ लाख ब्रॉडबँड उद्योगाच्या पैशांवर चाललेल्या मोहिमेने लोकांची नावे वापरून पाठवले होते, आणि ७७ लाख एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाकरवी तयार केलेले होते. हे दुसरे अभिप्राय नियमांच्या बाजूचे होते, म्हणजे तुमच्या-माझ्या बाजूचे. ते आपल्या बाजूचे होते म्हणून मला त्याचे समाधान वाटत नाही; उलट ज्या माणसांनी रात्री जागून खरे अनुभव लिहिले त्यांचे शब्द त्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

भारताचा अनुभवही हेच सांगतो, पण अधिक आशादायक रीतीने. २०१५ च्या मार्चअखेरीस ट्रायने सल्लामसलतीसाठी लांबलचक दस्तऐवज प्रसिद्ध केला. सामान्य वाचकाला तो समजणे कठीण होते. स्वयंसेवकांनी त्यातले प्रश्न सोपे करून मांडले, उत्तरांचा कच्चा मसुदा उपलब्ध करून दिला आणि दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. त्या संख्येने प्रश्न संसदेपर्यंत पोहोचवला, हे तिचे खरे काम. पण वर्षाच्या अखेरीस भिन्न दरांबाबत चार नेमके प्रश्न विचारणारा दुसरा दस्तऐवज आला, तेव्हा फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून फ्री बेसिक्सच्या समर्थनाचे एकसारखे संदेश पाठवून घेतले. ट्रायने कंपनीला कळवले, की या संदेशांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नाहीत. एवढ्या प्रचंड मोहिमेनंतरही निर्णय कंपनीच्या विरोधात गेला. संख्येने दार उघडते. आत गेल्यावर मात्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते द्यायला तुम्ही समर्थ आहात.

माध्यम सुधारणेच्या जुन्या लढ्यांत पुराव्याचे हे महत्त्व अधिकच ठळकपणे दिसते. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा काढून टाकली. आधी ही मर्यादा ४० होती. काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या वर केंद्रे जमा झाली आणि गावोगावचे आवाज एकसारखे होत गेले. त्यावर उतारा म्हणून २००० साली १०० वॉटपर्यंतच्या छोट्या एफएम केंद्रांना परवाने देण्याची योजना आली, तेव्हा मोठ्या प्रसारकांनी या केंद्रांमुळे आपल्या रेडिओलहरींत अडथळा येईल असे सांगून संसदेकडून तिला लगाम घालून घेतला. संसदेनेच मागवलेल्या तांत्रिक अभ्यासाने २००३ मध्ये ही भीती बव्हंशी निराधार ठरवली. तरीही कायदा बदलून राष्ट्राध्यक्षांची सही व्हायला जानेवारी २०११ उजाडला. प्रोमिथिअस रेडिओ प्रोजेक्ट हा फिलाडेल्फियातला छोटासा गट या संपूर्ण काळात तो अहवाल हातात धरून दारोदार फिरत राहिला. या केंद्रांवर बोलणारी माणसे आणि तुमच्या पॉडकास्टमध्ये बोलणारे कामगार यांच्यात मला काहीच अंतर दिसत नाही. माध्यमांच्या मालकीचा प्रश्न आणि खुल्या इंटरनेटचा प्रश्न ही दोन वेगळी कामे आहेत असे गटातल्या कोणी म्हटले, तर त्यांना हे उदाहरण द्या.

प्रोमिथिअस गटाच्या वाट्याला पराभवही आला. माध्यमांच्या मालकीचे नियम सैल करण्याचा एफसीसीचा निर्णय त्यांच्या दाव्यामुळे २००४ मध्ये न्यायालयाने अडवला, आणि पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. नेट न्यूट्रॅलिटीचे अमेरिकेतले नियमही २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये गेले, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आले आणि २ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने रद्द केले. दरम्यान २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यापुरता स्वतःचा कायदा करून घेतला होता, तो त्या राज्यात उपयोगी पडतो आहे. हे सारे तुम्हाला नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. एका निवेदनात सगळी शक्ती ओतून तुम्ही मोकळ्या व्हाल आणि निकाल विरुद्ध गेला की हताश होऊन पाठ फिरवाल, अशी मला काळजी वाटते. या कामाला आठवड्याचे दोन तास ठरवून द्या आणि त्याहून अधिक देऊ नका. तुमचा पॉडकास्ट बंद पडला तर ज्याच्या रक्षणासाठी हा लढा आहे तेच नाहीसे होईल.

इथे नियमांची वाट न पाहता स्वतः करायच्या कामांविषयी बोलतो. तुमचा पॉडकास्ट आणि तुमचे माहितीपट यांच्या परिस्थितीत मोठा फरक आहे, तो तुमच्या ध्यानात आला आहे का? पॉडकास्ट हा आरएसएस फीड या, नवे भाग आपोआप श्रोत्याच्या ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या खुल्या पद्धतीवर चालतो. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ मध्ये छापला गेला त्याच्याही आधीपासून ही पद्धत अस्तित्वात आहे आणि ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. तुमचा फीड कोणतेही ॲप वाचू शकते. एका ॲपने तुम्हाला खाली ढकलले तरी ज्याने फीड घेतला आहे त्याच्याकडे नवा भाग पोहोचतोच. व्हिडिओला असा सर्वमान्य खुला रस्ता मिळाला नाही, म्हणून शिफारशींची पद्धत बदलली तेव्हा तुमचे प्रेक्षक घटले. खुले इंटरनेट म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायची वेळ आली, तर तुमच्याच या दोन कामांची तुलना त्यांच्यासमोर ठेवा.

तेव्हा या महिन्यात काही गोष्टी उरकून घ्या. संकेतस्थळाचे नाव तुमच्या दोघींपैकी एकीच्या नावावर नोंदलेले आहे, सेवा पुरवणाऱ्याच्या नावावर नाही, याची खात्री करा. फीडचा पत्ता तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा असू द्या, म्हणजे ध्वनिफिती ठेवण्याची जागा बदलली तरी श्रोते तुटणार नाहीत. प्रत्येक भागाच्या शेवटी श्रोत्यांना ई-मेल यादीत नाव नोंदवण्याची विनंती करा. ही यादी हळू वाढते, पण ती तुमची असते आणि एखाद्या रात्रीत एक तृतीयांशावर येत नाही. मूळ चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. प्लॅटफॉर्म सोडून जा असे मी म्हणणार नाही, कारण तुमचे आजचे प्रेक्षक तिथे आहेत आणि आपल्या अनुभवाची दखल घेतली जावी असे वाटणाऱ्या कामगारांना त्या प्रेक्षकांची गरज आहे. फक्त तिथे येणाऱ्याला आपल्या घरचा पत्ता दर वेळी सांगत राहा.

आता तिसरी शंका. विश्वासार्हता बाजू घेतल्याने जात नाही, बाजू लपवल्याने जाते. तुम्ही गटात सामील झालात की तुमच्या संकेतस्थळावर तसे दोन वाक्यांत लिहा. या विषयावर कधी एखादा भाग केलात तर सुरुवातीलाच सांगा, की या प्रश्नात आमचा स्वतःचा हितसंबंध आहे. गटाकडून पैसे घेऊ नका; घ्यावेच लागले तर आकड्यासकट जाहीर करा. आणि कामगारांच्या मुलाखतींचा उपयोग या मोहिमेसाठी करू नका. त्यांनी त्यांच्या आयुष्याविषयी बोलायला होकार दिला आहे, तुमच्या मागण्यांना पाठिंबा द्यायला नव्हे. एखाद्याचे नाव निवेदनात यावे असे वाटले, तर त्यासाठी वेगळी परवानगी मागा.

गटाचीही चौकशी करा आणि ती करताना संकोचू नका. पैसे कोठून येतात, निर्णय कोण घेते, एखाद्या मुद्द्यावर तुम्ही वेगळे मत मांडलेत तर चालेल का, हे तीन प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा. वर सांगितलेल्या ८५ लाख बनावट अभिप्रायांमागेही नागरिकांची उत्स्फूर्त मोहीम असल्याचा देखावा उभा केलेला होता. प्रामाणिक गटाला या प्रश्नांचा राग येत नाही.

प्लॅटफॉर्म डूख धरेल का, या भीतीला मी क्षुल्लक म्हणणार नाही, कारण तुमचे बहुतेक प्रेक्षक त्याच्या हाती आहेत. कारण न सांगता पोहोच कमी करता येते, तोपर्यंत ती सूडाने केली की सहज घडली हे तुम्हाला सिद्धही करता येणार नाही. आणि नेमके हेच निवेदनात लिहिण्याजोगे आहे. काळजी म्हणून निवेदन आणखी पाच-सहा निर्मात्यांसह संयुक्तपणे द्या, त्यात प्लॅटफॉर्मच्या हेतूंबद्दल एकही शब्द लिहू नका, घडलेल्या गोष्टी तेवढ्या लिहा. निवेदने सार्वजनिक होतात हेही लक्षात असू द्या. एप्रिल २०१५ मध्ये ट्रायने आलेले सगळे ई-मेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसह प्रसिद्ध केले होते आणि लाखो लोकांचे पत्ते उघड्यावर आले. निवेदनासाठी वेगळा ई-मेल पत्ता काढा आणि घरचा पत्ता, फोन क्रमांक मजकुरात घालू नका.

राहिला प्रश्न निवेदनाचा. तीन पानांपेक्षा मोठे करू नका. तुम्ही कोण, काय करता, हे एका परिच्छेदात यावे. मग वहीतले आकडे तारखांसह द्या, आणि त्यांच्याखाली हेही लिहा की प्रेक्षक घटण्याला विषय, ऋतू किंवा भागांमधले अंतर अशी इतर कारणे असू शकतात, पण ती तपासण्याचे कोणतेही साधन तुम्हाला उपलब्ध करून दिलेले नाही. ही कबुली दिल्याने तुमची बाजू कमकुवत होत नाही. समोरचा वकील जो आक्षेप घेणार आहे तो तुम्हीच आधी मांडलेला असतो. त्यानंतर मसुद्यातल्या ज्या कलमाचा तुमच्याशी संबंध आहे त्याचा क्रमांक लिहा आणि त्या जागी तुम्हाला हवे असलेले वाक्य स्वतः लिहून द्या. उदाहरणार्थ, पोहोच मर्यादित केल्यास ठरावीक दिवसांत लेखी कारण द्यावे आणि अपिलाचा निर्णय माणसाने घ्यावा. अधिकाऱ्याला तयार वाक्य मिळाले तर ते निदान चर्चेत येते, नुसती खंत बहुधा फाइलमध्येच राहते. मजकूर झाल्यावर तो मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवा; संकलन करताना तुम्ही दोघी जसे निर्दयपणे कापता, तसेच इथेही कापा.

आणि सुरुवात तत्त्वापासून करू नका. तुमचे दोन भाग मर्यादित झाले त्या दोन तारखा, अपील केल्याची तारीख आणि उत्तर आल्याची तारीख, या चार ओळी वहीतून उतरवून काढा आणि पहिल्या पानावर सर्वांत वर लिहा.